डीपीएफचा दिवा लागला? सेन्सर बदलण्याआधी नळ्या बघा

रावेर: केळी वाहणाऱ्या पिकअपला इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर पी २४५३ आला. मेकॅनिक म्हणतो, सेन्सर गेला. बदलून टाकू का?

अजून नको. हा कोड एवढंच सांगतो की डीपीएफच्या, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या, दाबाचा आकडा कॉम्प्युटरला पटत नाही. का पटत नाही, ते आपणच शोधायचं. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब दोन नळ्यांनी सेन्सरपर्यंत येतो आणि सेन्सर त्यांतला फरक मोजतो. काही गाड्यांत नळी एकच असते. म्हणजे सेन्सर चांगला असला तरी नळी फुटली, निघाली किंवा चोक झाली की आकडा चुकतो.

सकाळी गाडी थंड असताना चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. स्कॅनरवर दाब शून्य हवा. दोन-तीन मिलीबार इकडेतिकडे चालतं. १०-१५ दिसत असेल तर सेन्सरवरून दोन्ही नळ्या काढा. आकडा तसाच राहिला तर दोष सेन्सरचा किंवा वायरिंगचा. शून्यावर आला तर नळीत पाणी नाहीतर काजळी अडकली आहे.

नळ्या परत लावून गाडी चांगली गरम होऊ द्या. फिल्टर मोकळा असेल तर आयडलला आकडा साधारण १० मिलीबारच्या आत राहतो. ३००० आरपीएमला तो दहाच्या काही पट होतो. १०० च्या वर गेला तर फिल्टर खरोखर भरत आलाय असं धरा. गाडीगणिक यात फरक पडतो, म्हणून कंपनीच्या मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर तोच खरा. स्कॅनर किलोपास्कलमध्ये दाखवत असेल तर १० ने गुणा, मिलीबार मिळतील.

आकड्याइतकीच त्याची चाल बघा. रेस दिली की आकडा लगेच वर आणि सोडली की लगेच खाली यायला हवा. रेंगाळत चढत असेल तर फिल्टरच्या आधीची नळी किंवा ती जिथे बसते ती लोखंडी नळी काजळीने चोक झाली आहे. अजिबात हलत नसेल तर नळी निघाली किंवा चिरली आहे. क्लिपजवळ नळी वाकवून बघा, चीर तिथेच लपते. शेताच्या बांधाला किंवा केळीच्या बागेजवळ गाडी रात्रभर उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडल्याच्या खुणाही शोधा.

लोखंडी नळी बारीक तारेने मोकळी करा, पण आधी रबरी नळी सेन्सरवरून काढा. हवा मारायची तर सायलेन्सरच्या दिशेने. सेन्सरमध्ये हवा कधीच मारू नका. त्याची मजल जेमतेम एक बारपर्यंत आणि कम्प्रेसरची हवा सहा-आठ बारची. आतला पडदा एका फुंकरीत जातो. नवी नळी उष्णता सोसणारी सिलिकॉनचीच घ्या. ठिबकची किंवा डिझेलची साधी नळी तिथे वितळते. नळी बसवताना सेन्सरपासून खाली सलग उतार ठेवा. मध्ये झोळ पडला की तिथे पाणी साचतं.

धुळे: नवा सेन्सर टाकला, आठवड्यात तोच कोड परत आला. सेन्सर खराब मिळाला का?

तेही होऊ शकतं, पण आधी तीन वायरी तपासा. कपलर (सेन्सरचा वायरींचा प्लग) काढून चावी ऑन केल्यावर सप्लाय आणि अर्थिंगमध्ये पाच व्होल्ट यायला हवेत. कपलर लावून, इंजिन बंद असताना सिग्नलच्या वायरीवर बहुतेक सेन्सर ०.५ व्होल्टच्या आसपास देतात. (काही नव्या गाड्यांत सिग्नल डिजिटल असतो. तिथे मल्टीमीटरचा उपयोग नाही, स्कॅनरच बघावा लागतो.) इंजिन चालू ठेवून अर्थिंगच्या वायरीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजा, ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर अर्थिंग कच्चं आहे. मग कपलरजवळचा हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवत आकडा उडतो का ते बघा.

सोबत आणखी एक-दोन सेन्सरचे कोड आले असतील तर पाच व्होल्टची सामाईक वायर कुठेतरी शॉर्ट आहे. अशा वेळी पार्ट बदलत बसलात तर पैसे जातील आणि दोष तिथेच राहील.

वायरिंग ठीक निघालं तर नवा सेन्सर बसवल्यावर स्कॅनरने त्याचा शून्य (दाब नसतानाचा आकडा) कॉम्प्युटरला शिकवला होता का, ते विचारा. बऱ्याच गाड्यांना ही पायरी लागते आणि गॅरेजमध्ये ती सर्रास राहून जाते.

चाळीसगाव: रेस दिली की दाब उणे दाखवतो.

नळ्या उलट बसल्या आहेत. अदलाबदल करा, कोड पुसा.

शहादा: आकडा कायम शून्याजवळ, तरी पिकअप कमी. गॅरेजवाला सक्तीचं रिजनरेशन (फिल्टर तापवून आतली काजळी जाळणं) करू म्हणतो.

सेन्सरवर भरवसा बसेपर्यंत करू नका. आधीची नळी फुटलेली असली की कॉम्प्युटरला फिल्टर मोकळा दिसतो, आत मात्र काजळी साचत राहते. खूप काजळी एकदम पेटली तर आतलं सिरॅमिक तडकतं, आणि नवा फिल्टर हा गाडीतल्या सगळ्यात महागड्या पार्टांपैकी एक आहे.

आधी डिपस्टिक बघा. रिजनरेशन वारंवार अर्धवट सुटलं असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी कमाल (मॅक्स) खुणेच्या वर जाते. तसं असेल तर ऑइल बदलूनच पुढे जा. नवं ऑइल कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच घ्या. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही. ती फिल्टरमध्येच राहते.

रिजनरेशनमध्ये फिल्टरचं तापमान साधारण ६०० अंशांपर्यंत चढतं. गाडी मोकळ्या, फरशीच्या किंवा मुरमाच्या जागेवर लावा. खाली वाळलेलं गवत, पराटी किंवा चारा नको, आणि बंद शेडमध्ये तर नकोच.

भुसावळ: फिल्टर काढून नुसता पाइप बसवून देतात. कटकट संपेल ना?

नाही. दाबाचा फरकच उरत नाही म्हणून कोड येतच राहतात, आणि ते बंद करायला सॉफ्टवेअर बदलावं लागतं. शिवाय कंपनीच्या रचनेत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे. धूर थेट मागून चालणाऱ्याच्या छातीत जातो, ते वेगळंच. नळी आणि क्लिपा तपासायला मात्र अर्धा तास पुरतो.