तक्रार केली तर पोरीचं नाव गावभर होईल का?

कापूस वेचणीचे दिवस. आईबाप वावरात, ९ वर्षांची पोरगी शाळेतून आली की किराणा आणायला जायची. दुकानदाराने दोनदा आत बोलावून अंगाशी चाळे केले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आई म्हणाली, "पोलिसात गेलो तं पोरीचं नाव गावभर होईन. तंटामुक्तीवाले म्हनतात, माफी मागायले लावतो, आपसात मिटवून टाका."

हे मिटवायचा अधिकार ना तंटामुक्त समितीला, ना आईबापाला. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायलाच हवं; दडवलं तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. एवढं सांगितलं की मध्यस्थ सहसा मागे सरतात. "कपड्यावरूनच हात लावला नं" ही पळवाटही उरलेली नाही. नागपूर खंडपीठाचा तसा निकाल सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द केला. मूल १२ वर्षांखालचं असेल तर अशा स्पर्शाला ५ ते ७ वर्षांची शिक्षा आहे.

आता नावाचं. मुलीचं नाव, फोटो, घर, शाळा छापणं गुन्हा आहे. पारावरची कुजबुज मात्र कायदा थांबवत नाही, हे आईला खरं सांगावंच लागतं. पण जबाबासाठी मुलीला ठाण्यात न्यायची गरज नाही. साध्या कपड्यातली महिला अधिकारी, शक्यतो उपनिरीक्षक, घरी येते. आई शेजारी बसू शकते. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. त्या समितीकडून खटला संपेपर्यंत सोबत राहणारी सहायक व्यक्ती मिळते, ती मागून घ्यावी. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

केस बिघडते ती बहुतेकदा घरातच. मामा विचारतो, काकू विचारते, सरपंच विचारतो. दरवेळी पोरीचे शब्द थोडे बदलतात आणि उलटतपासणीत वकील नेमका तोच फरक पुढे करतो. म्हणून एकानेच, एकदाच ऐकावं आणि तारीख टाकून वहीत उतरवावं. "काका मले आत ये म्हने" हे तसंच लिहायचं. "विनयभंग केला" असं मोठ्यांच्या भाषेत नाही. त्या दिवशीचे कपडे धुऊ नयेत. कागदी पिशवीत ठेवावेत. पॉलिथिनमध्ये दमट होऊन पुरावा खराब होतो.

ठाण्यात टाळाटाळ झाली तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्यावा. मुलांच्या मदतीचा फोन नंबर १०९८ रात्रीही लागतो.