वाचकांचे प्रश्न : घरातली छोटी म्युझिक सिस्टीम

मधोमध अॅम्प्लिफायर, रेडिओ आणि सीडी किंवा कॅसेट असलेला एक खोका व त्याच्या दोन्ही बाजूंना सुटे स्पीकर, अशा छोट्या स्टिरिओ संचांविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत.

प्रश्न : आमचा हॉल १० बाय १४ फुटांचा आहे. टीव्हीखाली साउंडबार घ्यावा, असे मुलाचे म्हणणे आहे. मला मात्र मुख्यतः शास्त्रीय गायन आणि नाट्यसंगीत ऐकायचे आहे. आजच्या काळात दोन स्पीकरांची छोटी सिस्टीम घेण्यात अर्थ आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : अर्थ निश्चित आहे, मात्र स्पीकर एकमेकांपासून दूर ठेवण्याइतकी जागा आपल्याकडे असली पाहिजे. साउंडबारमध्ये डावा आणि उजवा स्पीकर एकाच पट्टीत, जेमतेम तीन फुटांच्या आत बसवलेले असतात. त्यामुळे संवाद स्पष्ट ऐकू येतात, पण गायक मध्ये, तबला एका अंगाला आणि पेटी दुसऱ्या अंगाला, अशी बैठकीची मांडणी त्यातून सहसा उभी राहत नाही. सुटे स्पीकर सहा-सात फुटांच्या अंतरावर ठेवून, दोहोंपासून तितक्याच अंतरावर आपण बसलात, तर साध्या सिस्टीममधूनही ती मांडणी कानांना जाणवते.

आपल्या आवडीच्या संदर्भात एक गोष्ट मात्र आधीच सांगितली पाहिजे. बालगंधर्वांच्या काळातील ७८ गतीच्या तबकड्या मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज देणाऱ्या, होत्या. व्यावसायिक स्टिरिओ तबकड्या जगाच्या बाजारात आल्या त्याच मुळी १९५७-५८च्या सुमारास. तेव्हा जुन्या नाट्यपदांच्या बाबतीत दोन स्पीकरांनी मांडणी उभी राहणार नाही. तेथे फायदा होईल तो स्पीकरच्या दर्जाचा. पट्टीत कोंबलेल्या दोन-अडीच इंची स्पीकरपेक्षा लाकडी खोक्यातला चार किंवा पाच इंची स्पीकर पुरुषी आवाजाचे वजन अधिक प्रामाणिकपणे पोहोचवतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्यातील खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर लागते. चार इंची स्पीकरची ताकद याच पट्टीच्या आसपास ओसरू लागते. तरीही तारेचे वरचे स्वरांश शाबूत असल्यामुळे कान उरलेला खर्ज मनाने भरून काढतो. स्पीकर त्याहूनही लहान असेल, तर बायाँचा, म्हणजे डग्ग्याचा, घुमारा जाऊन नुसती थाप उरते.

डेनन, यामाहा अशा कंपन्यांनी या आकाराचे चांगले संच बनवले आहेत. पण नावापेक्षा दुकानात तीन गोष्टी पाहाव्यात : स्पीकर सुटे आहेत का, ते साध्या तारेने जोडले जातात का, आणि मागे ऑक्सची, म्हणजे बाहेरच्या उपकरणाचा आवाज आत घेणारी, जोडणी आहे का. तारेची जोडणी साधी असेल, तर पुढे नुसते स्पीकर बदलता येतात. टीव्हीचा आवाजही त्याच संचातून हवा असेल, तर ऑप्टिकल जोडणी आहे का, तेही विचारावे, म्हणजे मुलाचीही समजूत निघेल.

घरी आणल्यावर स्पीकर शोकेसच्या डोक्यावर छताजवळ चढवू नयेत, हे मुद्दाम लिहीत आहे, कारण दहापैकी आठ घरांत ते तेथेच सापडतात. वरचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर असावा. स्पीकर अगदी कोपऱ्यात ढकलला, तर खालचे स्वर फुगतात आणि तबला ढोलकीसारखा वाजू लागतो. आपल्याकडच्या गुळगुळीत फरशीवरून आवाज आदळून परत येतो. स्पीकर आणि बैठक यांच्यामध्ये एक जाड सतरंजी अंथरल्यास फरक लगेच कळतो. जोडणी करताना लाल तार लालमध्ये आणि काळी काळ्यामध्ये, हे दोन्ही स्पीकरांना सारखेच पाळावे. एका बाजूला उलटसुलट झाले, तर खालचे स्वर एकमेकांना मारतात आणि आवाज पोकळ होतो. मोनो ध्वनिमुद्रण लावून गायक बरोबर मध्यभागी उभा राहतो की नाही, एवढी परीक्षा पुरेशी आहे.

प्रश्न : आमच्याकडे १९९०च्या दशकातला डबल कॅसेटचा डेक आहे. रेडिओ वाजतो, पण कॅसेटचे बटण दाबल्यावर आतून नुसता घर्र असा आवाज येतो आणि टेप फिरत नाही. वडिलांनी घरगुती मैफलींच्या केलेल्या कॅसेट त्यात ऐकायच्या आहेत. दुरुस्ती करावी की दुसरा घ्यावा? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मोटर फिरते आणि टेप फिरत नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा बेल्ट गेला असा असतो, आणि ही फार खर्चाची दुरुस्ती नव्हे. मोटरची गती कॅपस्टनपर्यंत, म्हणजे टेप पुढे ओढणाऱ्या दांड्यापर्यंत, पोहोचवणारा हा रबरी पट्टा वीस-पंचवीस वर्षांत एकतर सैल पडतो किंवा अक्षरशः वितळतो. डेक उघडल्यावर पुलीच्या खाचेत डांबरासारखा काळा चिकट थर दिसेल. त्याला बोट लावले, तर तो साबणानेही लवकर जात नाही. तो थर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पूर्ण काढल्याशिवाय नवा पट्टा बसवू देऊ नये, कारण खाचेत उरलेल्या खड्यामुळे सूर थरथरतो आणि सतारीची मींड ऐकवत नाही.

याच वेळी हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, आणि पिंच रोलर, म्हणजे टेप दांड्यावर दाबून धरणारे रबरी चाक, साफ करून घ्यावेत. रोलरचे रबर कडक व चकचकीत झाले असेल, तर तोही बदलावा. टेप खाण्याचा दोष बहुधा त्याच्याकडेच असतो. मापाचे पट्टे पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड अशा बाजारांत विचारावेत. जुना पट्टा तुटलेल्या अवस्थेतही नमुना म्हणून जपून ठेवावा. दुरुस्तीनंतर कॅसेटची गती सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर एवढी यावी लागते. कारागिराकडे मोजणीची सोय नसेल, तर बाजारात विकत मिळालेली आणि ऑनलाइनही उपलब्ध असलेली एखादी ध्वनिफीत लावून दोन्हींची पट्टी पेटीवर ताडून पाहावी. डेकच्या आत मोटरच्या मागे बहुतेकदा एक छोटे छिद्र असते. त्यातला स्क्रू बारीक पेचकसाने फिरवून गती सारखी करता येते.

नवीन डेक शोधण्यात मी वेळ घालवणार नाही. आज मिळणाऱ्या स्वस्त कॅसेट प्लेअरांची यंत्ररचना साधारण दर्जाची असते. तीस वर्षांपूर्वीचा मध्यम प्रतीचा डेक पट्टा बदलल्यावर त्यांच्यापेक्षा सरस वाजतो.

मात्र वडिलांच्या कॅसेट पहिल्याच दिवशी त्यात घालू नयेत. आधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट चालवून डेकची खात्री करून घ्यावी. वर्षानुवर्षे पडून राहिलेली कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग मागे गुंडाळून मगच वाजवावी, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. ध्वनिमुद्रणाच्या वेळी डॉल्बी, म्हणजे टेपची खरखर कमी करणारी सोय, चालू होते अशी नोंद कॅसेटवर असेल, तर वाजवतानाही ते चालू ठेवावे. मग लाइन आउटमधून, म्हणजे आवाज बाहेर देणाऱ्या जोडणीतून, आणि ते नसेल तर हेडफोनच्या छिद्रातून, संगणकात ध्वनिमुद्रण करून ठेवावे. मूळ प्रत वेव्ह स्वरूपात, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटवर ठेवावी. ९० मिनिटांच्या कॅसेटला सुमारे ९५० एमबी जागा लागते, जी आज काहीच नाही. नातेवाइकांना पाठवण्यासाठी त्याची एमपी३ प्रत वेगळी करावी. खरखर काढून टाकण्याचा मोह मूळ प्रतीवर करू नये, कारण खरखरीबरोबर तानपुऱ्याची झिळमिळही जाते आणि ती परत आणता येत नाही.

प्रश्न : जुन्या सिस्टीमवर २००० वॅट पीएमपीओ असे लिहिले आहे आणि नवीनवर फक्त ३० वॅट. मग जुनी अधिक चांगली नाही का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : नाही. पीएमपीओ हा आकडा काढण्याची सर्वमान्य पद्धतच नव्हती. क्षणभराची काल्पनिक ताकद वाटेल तशी गुणून तो छापला जात असे. जुन्या संचाच्या मागच्या पट्टीवर वीज किती लागते ते पाहावे. तेथे ६० वॅट लिहिले असेल, तर भिंतीतून ६० वॅट घेणारे यंत्र स्पीकरला सतत २००० वॅट देईल, हे संभवत नाही. तुलना आरएमएस आकड्याची, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीची, करावी. ताकद दुप्पट झाली, तरी आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, आणि घरातल्या नेहमीच्या आवाजाला एक-दोन वॅट पुरतात.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेहून कायमची परतताना तिची छोटी सिस्टीम आणि रेकॉर्ड प्लेअर घेऊन आली आहे. येथे लावण्यापूर्वी काय पाहावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सर्वप्रथम, खात्री होईपर्यंत प्लग लावू नये. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ वीज असते आणि आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. संचाच्या मागे १००-२४० असे लिहिले असेल, तर नुसता प्लग बदलून चालेल. केवळ १२० लिहिले असेल, तर स्टेपडाउन, म्हणजे व्होल्ट कमी करणारा, ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल. तो घेताना संचाच्या वापराच्या दुप्पट क्षमतेचा घ्यावा.

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. रेकॉर्ड प्लेअरची मोटर विजेच्या हर्ट्झवर फिरणारी जुन्या धर्तीची असेल, तर ३३⅓ गतीची तबकडी येथे मिनिटाला सुमारे २८ फेरे घेईल आणि गायिकेचा आवाज गायकाचा होऊन बसेल. काही प्लेअरांसाठी ५० हर्ट्झची वेगळी पुली मिळते. डीसी मोटरच्या प्लेअरांना हा त्रास होत नाही. जुन्या संचातले घड्याळही अशाच कारणाने तासाला दहा मिनिटे मागे पडू शकते.

रेडिओतही एक खोच आहे. अमेरिकेत मध्यम लहरींची केंद्रे १० किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, आपल्याकडे ९ च्या. आकाशवाणी पुणे केंद्राचे ७९२ किलोहर्ट्झ त्या संचावर नीट लागणार नाही, कारण तो ७९० वरून थेट ८०० वर उडी मारतो. पुष्कळ संचांना मागे ९ आणि १० चे एक बारीक बटण असते किंवा दोन बटणे एकत्र दाबून हे बदलता येते. माहितीपुस्तिकेत ते सापडेल.

रेकॉर्ड प्लेअर ऑक्समध्ये जोडल्यावर आवाज अगदी बारीक आणि पातळ आला, तर संच बिघडला असे समजू नये. मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या भागातून, जेमतेम पाच मिलिव्होल्ट निघतात आणि ऑक्सला त्याच्या कितीतरी पट लागतात. शिवाय तबकडी कापतानाच खालचे स्वर कमी आणि वरचे जास्त केलेले असतात. ते परत सारखे करणारा फोनो प्रीअॅम्प मध्ये असावा लागतो. काही प्लेअरांतच तो असतो आणि मागे फोनो व लाइन असे बटण असते. ते लाइनवर ठेवावे. गुंईऽऽ असा आवाज येत राहिला, तर अर्थिंगची पातळ तार जोडायची राहिली आहे का, ते पाहावे.

प्रश्न : पाऊस सुरू झाला की आमच्या सिस्टीमचा एक स्पीकर फाटल्यासारखा वाजतो. शिवाय कॅसेटवर पांढरी भुकटी दिसते. (एक वाचक, फोंडा, गोवा)

उत्तर : स्पीकरची जाळी काढून कागदी कोनाभोवतीची कडा पाहावी. ती फोमची असेल, तर दमट हवेत काही वर्षांत तिचा भुगा होतो. चारही बोटांनी कोन हलकेच सरळ आत दाबावा. घासल्याचा आवाज आला, तर आतली कॉइल अडकते आहे. केवळ कडा गेली असेल, तर फोमची नवी रिंग चिकटवून तोच स्पीकर वाचवता येतो. बाजारातून दुसराच आणून लावायचा असेल, तर संचामागे लिहिलेल्या ओहमपेक्षा कमी ओहमचा आणू नये, नाहीतर अॅम्प्लिफायर तापून बंद पडेल.

पांढरी भुकटी म्हणजे बुरशी आहे. तशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नये, कारण ती हेडवरून पुढच्या कॅसेटला लागते. कॅसेटचे स्क्रू काढून रिळे स्वच्छ कोरड्या कवचात बसवता येतात. हे काम अंगणात, नाकाला फडके बांधून करावे. सीडीवर डाग असतील, तर त्या मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसाव्यात, गोल फिरवून नव्हे. आषाढ-श्रावणात संच आठवड्यातून दोन-तीनदा तासभर चालू ठेवल्यास आतला ओलावा निघतो. कॅसेट आणि सीडी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवाव्यात आणि पुड्या दर महिन्याला बदलाव्यात.