पांढरा पडदा करडा का येतो?

प्रश्न : गिरगावात माझा १० बाय १४ फुटांचा स्टुडिओ आहे. पोर्ट्रेटमध्ये पांढरा पडदा करडा येतो आणि प्रकाश वाढवला की केसांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. काय करावे?

उत्तर : पडदा करडा येतो, कारण चेहऱ्यासाठी लावलेल्या दिव्याच्या उरल्यासुरल्या प्रकाशावरच आपण त्याची बोळवण करता. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश उरतो, म्हणजे दोन स्टॉपने कमी होतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणे). पडद्याला दोन्ही बाजूंनी स्वतंत्र दिवे द्यावेत आणि प्रत्येकाचा रोख पलीकडच्या कडेकडे ठेवावा, म्हणजे एकाच जागी प्रखर डाग पडत नाही. प्रकाश मोजणाऱ्या मीटरवर पडदा चेहऱ्यापेक्षा एक स्टॉप उजळ भरला की पुरे. त्याहून जास्त उजळण्याचा मोह झाला की पडद्यावरून परतणारा प्रकाश केस आणि कान खाऊन टाकतो. व्यक्तीला पडद्यापासून सहा फूट पुढे बसवावे (मग आपली पाठ भिंतीला टेकेल, पण गिरगावात त्याला इलाज नाही) आणि पडद्याच्या दिव्यांचा उजेड तिच्यावर सांडू नये म्हणून मध्ये काळ्या पुठ्ठ्याचे आडोसे उभे करावेत.