गुडघे टेकून काम करणाऱ्यांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत गुडघ्यांची पत्रे सर्वांत जास्त आहेत. लिहिणारे खेळाडू नाहीत, म्हातारेही नाहीत. फरशी बसवणारे, मूर्ती घडवणारे, कुळागरात म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत राबणारे लोक आहेत. कमरेच्या पट्ट्याबद्दल विचारणाऱ्यांनी थोडा धीर धरावा, आज फक्त गुडघे टेकून किंवा उकिडवे बसून करायच्या कामांचे प्रश्न घेतले आहेत.

मी फोंड्यात टाईल्स बसवतो. वय 38. दोन्ही पायांना नी पॅड बांधतो, पण दुपारपर्यंत पट्टे गुडघ्यामागे रुततात आणि डाव्या पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात. पट्टा सैल केला की पॅड घसरून नडगीवर येते. महागडे पॅड घेतले तर फरक पडेल का?

आधी मुंग्यांचे बघू, पॅडचे नंतर. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली चाचपून बघा. हाडाचा एक उंचवटा हाताला लागेल. त्याच्या खालून एक मज्जातंतू हाडाला वळसा घालून पुढे येतो. पाऊल आणि बोटे वर उचलणारे स्नायू त्याच्यावर चालतात. त्या जागी तो कातडीच्या अगदी लगत असतो, त्यामुळे घट्ट पट्टा नेमका तिथे आला किंवा माणूस तासन्‌तास उकिडवा बसला की तो दाबला जातो. आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा. तरीही रेटून काम केले तर पाऊल लोंबायला लागते, चालताना चपलेचे टोक जमिनीला घासते. आजच टाचांवर चालून बघा. डावे पाऊल उजव्याइतके वर उचलले जात नसेल, तर काम थांबवा आणि फोंड्याच्या उपजिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात दाखवा. पाऊल नीट उचलले जात असेल, तर पट्ट्याची जागा बदलल्यावर मुंग्या काही दिवसांत थांबायला हव्यात. नाही थांबल्या तरीही दाखवाच.

आता पॅड. बहुतेक मिस्त्री पट्टे उभे राहून बांधतात. गुडघे टेकले की पोटरी आणि मांडी एकमेकांवर दाबली जाऊन फुगतात, आणि उभ्याने ठीक वाटलेला पट्टा रुततो. म्हणून पट्टा गुडघा वाकवूनच बांधायचा. खालचा पट्टा पोटरीच्या भरीव भागावर हवा, वरचा गुडघ्याच्या वर. गुडघ्यामागच्या खोलगट भागात काहीच नको. बकल किंवा वेल्क्रोची गाठ बाहेरच्या बाजूला त्या उंचवट्यावर येऊ देऊ नका.

तुमच्या कामाला मी लांब पॅड सुचवेन. गुडघ्यापासून नडगीच्या मध्यापर्यंत किंवा पार घोट्यापर्यंत जाणारा, आत जाड फोम असलेला साचा असतो. त्यात पाय ठेवला की वजन एकट्या वाटीवर न राहता नडगीवर पसरते. पट्टे पोटरीवर असतात, गुडघ्यामागे नसतात. तो घसरतही नाही, कारण त्याला टेकायला अख्खी नडगी मिळते. महाग आहे, आणि गोव्याच्या दुकानांत सहसा मागवावा लागतो. दुसरा मार्ग म्हणजे गुडघ्याला आतून खिसा असलेली कामाची पँट, त्यात फोमची पट्टी सरकवायची. पट्टे अजिबातच नाहीत, पण पँट अंगाला नीट बसली पाहिजे. सैल असली तर टेकताना फोम बाजूला जातो. गोल टोपीचे कडक प्लास्टिकचे पॅड सपाट टाईलवर टाळा. गुडघा त्यावर डुलतो आणि तोल सांभाळताना सांध्यातल्या कूर्चेच्या गादीला पीळ बसतो.

वेष्टनावर ईएन 14404 हे युरोपीय मानक छापले आहे का, ते बघा. त्यात पातळ्या असतात. 0 म्हणजे फक्त सपाट जमिनीसाठी, टोकदार वस्तूपासून संरक्षण नाही. 1 मध्ये 100 न्यूटन, म्हणजे साधारण 10 किलोच्या भारापर्यंत टोक आत शिरत नाही. 2 मध्ये 250 न्यूटन. ही खडी आणि ओबडधोबड जागेसाठी. तयार खोलीत फरशी बसवताना 0 चालेल, पण तोडलेल्या टाईलचे तुकडे आजूबाजूला असतातच, म्हणून 1 घ्या.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगते. ओल्या मालात गुडघे टेकू नका. ओले सिमेंट तीव्र अल्कली असते आणि कातडी भाजते. लगेच दुखत नाही, म्हणून कळत नाही, आणि संध्याकाळी पॅड काढल्यावर जखम दिसते. ओला माल पॅडच्या आत गेला तर फोम तो दिवसभर कातडीला चिकटवून ठेवतो. तसे झाले की लगेच पॅड सोडून भरपूर वाहत्या पाण्याने धुवा.

पॅडने दाब कमी होतो, वाकणे कमी होत नाही. डेन्मार्कमध्ये फरशीकामगारांच्या गुडघ्यांचे एमआरआय करून ग्राफिक डिझायनरांशी तुलना केली, तेव्हा फरशीकामगारांच्या गुडघ्यातल्या गादीत फाटी जास्त सापडल्या. त्यामुळे माल कालवणे, टाईल कापणे ही कामे उभ्याने करा, कटर टेबलावर ठेवा. हेल्परलाच ती कामे देऊन स्वतः दिवसभर टेकून बसण्यापेक्षा आळीपाळीने करा. ठेकेदारांनाही माझे सांगणे आहे: कटर आणि रबरी हातोड्याचे पैसे अंदाजपत्रकात धरता, तसे पॅडचेही धरा. मिस्त्रीने ते स्वतःच्या रोजंदारीतून का घ्यावे?

डिचोलीत आमची चित्रशाळा आहे. चतुर्थीआधीचे दोन महिने मी टाचांवर बसूनच मूर्तींचे काम करतो. मांडी आणि पोटरीच्या मध्ये बांधायची फोमची पाचर मिळते असे पुतण्या म्हणतो. घेऊ का?

घ्या, ती खरोखर कामाची वस्तू आहे. बेसबॉलमध्ये चेंडू पकडणारे खेळाडू बराच वेळ उकिडवे बसतात, ते अशी पाचर पोटरीला बांधतात. गुडघा पूर्ण मिटत नाही, शरीराचा थोडा भार फोम घेतो. गुडघा जितका जास्त मिटतो तितका वाटीच्या मागे आणि गादीच्या मागच्या भागावर ताण वाढतो, म्हणून शेवटचे ते थोडेसे मिटणे वाचले तरी फरक पडतो. फोम मात्र घट्ट हवा. बसल्यावर चपटा होत असेल तर उपयोग नाही. पाचर गुडघ्यामागच्या खोलगटात पार आत सरकवू नका, पोटरीच्या मध्यावर ठेवा. आत सरकवली तर सांध्यालाच तरफ लागते.

तरी तुमच्या बाबतीत मला पाचरीपेक्षा जास्त भरवसा पाटावर आहे. वीतभर उंचीचा पाट घ्या, वर जाड गोधडी घाला. मूर्तीला फिरता पाट असेलच, तो विटांवर चढवा. मूर्ती वर आली की तुम्हीही वर येता. मोठ्या मूर्तीच्या पायांचे, उंदराचे, आसनाचे काम खाली बसून आणि मुकुट, सोंड, डोळ्यांची आखणी उभ्याने किंवा स्टुलावर, अशी वाटणी करा. सारे एकाच बैठकीत उरकायचा हट्ट नको.

माझी आई म्हार्दोळजवळ एका देवळात गुडघ्यांवर बसून फरशी पुसते. उजव्या गुडघ्यावर, वाटीच्या अगदी पुढे, लिंबाएवढी मऊ सूज आली आहे. पॅड बांधले तर सूज उतरेल का?

वाटीच्या पुढे कातडीखाली द्रवाची एक पातळ पिशवी असते. सतत घासून आणि दाबून तिला सूज येते. आईचे वर्णन त्याच्याशी जुळते. पण पॅड हा प्रतिबंध आहे, औषध नाही. सूज असेपर्यंत त्या गुडघ्यावर टेकायचेच नाही, अगदी मऊ गादीवरही नाही. काही आठवडे लांब दांड्याचा मॉप वापरू द्या. देवस्थानच्या समितीशी तुम्ही स्वतः बोला, कारण आई बोलणार नाही.

सूज लाल, गरम झाली, ताप आला किंवा तिथे खरचटलेले दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. पिशवीत जंतू गेले असतील तर अँटिबायोटिक लागते, मधुमेह असेल तर एक दिवसही थांबू नये. घरी सुई टोचून पाणी काढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

वेर्ण्याच्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे. यंत्रांच्या खालचे बोल्ट कसायला मुले गुडघे टेकतात. पायाला बांधायची खुर्ची मिळते, ती मागवावी का?

नको. तुम्ही पाहिलेली वस्तू बहुधा स्वित्झर्लंडच्या नूनी कंपनीच्या चेअरलेस चेअरसारखी असेल. ऑडीने ती जर्मनीतल्या कारखान्यात वापरून पाहिली होती. ती अर्धवट उभ्या माणसाला मांडीखाली टेकू देते, गुडघे टेकणाऱ्याला नाही. त्या पैशांत चाकांचे बुटके स्टूल, जाड रबरी मॅट आणि प्रत्येकाला स्वतःचे पॅड येईल. घामट पॅड एकमेकांत वाटून वापरू नयेत.

औषधांच्या दुकानातली लवचीक नी कॅप घालून गुडघे टेकले तर चालेल?

चालणार नाही. ती सांध्याला ऊब आणि आधार देते, जमिनीचा दाब अडवत नाही. वर पॅड चढवले तर दोन्ही मिळून गुडघ्यामागे आवळतात. दिवसभर टेकायचे असेल तर फक्त पॅड.

सत्तरीत आमचे कुळागर आहे. पावसात ओल्या मातीत टेकून मिरीची रोपे लावताना पॅड चिखलाने भरते, आत खाज सुटते. काय करू?

फोमला बाहेरून कापड असेल तर ते पावसाळ्यात सुकतच नाही. तुम्हाला बंद पेशींच्या फोमचे, म्हणजे पाणी न शोषणारे पॅड हवे. योगाच्या मॅटचा जो फोम असतो, साधारण तसा. घरी परतल्यावर ते धुऊन चुलीजवळ नव्हे, वाऱ्यावर टांगा. उष्णतेने फोम खराब होतो. खाजेच्या जागी गोल कडा असलेले चट्टे दिसत असतील तर तो बहुधा बुरशीचा संसर्ग आहे. त्यावर दुकानातले स्टेरॉइड मिसळलेले मलम लावू नका, चट्टे दबतात आणि पुन्हा पसरतात. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि तोवर पॅड बांधण्याऐवजी त्याच फोमचा चौकोनी तुकडा सोबत नेऊन त्यावर टेका. रोपामागून रोप तो पुढे सरकवावा लागेल, पण तेवढ्या निमित्ताने दर वेळी उठणे होईल आणि कातडीला हवाही लागेल.