‘पिक अप’चे नेमके अर्थ काय आणि ते वाक्यात कसं वापरायचं?

मूळ अर्थ उचलणं. बाकीचे त्यातूनच फुटलेत. कोल्हापुरात सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्टँडवर, पाहुणे उतरणार आहेत? ‘आय विल पिक यू अप ॲट द स्टँड.’ येताना गंगावेशीतून दूध घ्यायचंय? ‘पिक अप सम मिल्क.’ फोन उचलणं, सणाच्या तोंडावर धंदा वाढणं, तिथंही चालतं. मला आवडतो तो अर्थ वेगळा: बाहेरगावचा पोरगा चार महिन्यांत ‘काय भावा’ म्हणायला लागतो, म्हणजे शिकवणी न लावता नुसतं कानावर पडून शिकतो, तेही ‘पिक अप’च.

गोची होते सर्वनामाला. ‘पिक अप हिम’ चूक, ‘पिक हिम अप’ बरोबर. नाम असेल तर ते मध्ये घाला नाहीतर शेवटी. आणि आपल्या ‘गाडीला पिकअप नाही’मधलं पिकअप हे नाम आहे, क्रियापद नव्हे.