फारकतीचा कागद झालाय, आता दुसरं लग्न करता येईल का?

बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड कुटुंबातली २७ वर्षांची ताई भावाला घेऊन तालुक्याच्या समुपदेशन केंद्रात आली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) दोन लेकरं, दीड वर्षापासून माहेरी. प्लास्टिकच्या कव्हरातला एक कागद तिने टेबलावर ठेवला. बोलला मात्र भाऊ, "फारकत झालीय मॅडम, स्थळ पण आलंय. पोराकडचे म्हणतात कागद दाखवा. एवढा कागद चालंल ना?"

पाचशेच्या मुद्रांकावरचा फारकतनामा होता. लिहून देणार नवरा, लिहून घेणार बायको. 'आम्ही उभयतांनी राजीखुशीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता वैवाहिक संबंध संपुष्टात आणले असून यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क राहिलेला नाही. पोटगीपोटी एकरकमी रु. ५१,०००/- रोख पावले.' खाली दोघांच्या सह्या, तिच्या सहीशेजारी अंगठा, पाच पंचांची नावं आणि नोटरीचा गोल शिक्का. प्रत्यक्षात तिच्या हातात तीस हजारच पडले होते. बाकीचे मुकादमाच्या (ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्या) उचलीत, म्हणजे कामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेत, वळते केले, असं पंचांनी सांगितलं होतं.

भावाच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होतं: नाही. या कागदाने लग्न मोडत नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा आहे आणि त्याखाली लग्न मोडतं ते कोर्टाच्या हुकूमनाम्याने. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही हाच कायदा लागतो. नोटरी फार तर सही कोणी केली एवढं सांगतो, घटस्फोट द्यायचा अधिकार त्याला नाही. नोटरींनी असे दस्त करू नयेत, असं केंद्रीय विधी मंत्रालयानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये बजावलं आहे.

यावर गावात हमखास एक वाक्य ऐकू येतं: "आमच्या समाजात पूर्वीपासून काडीमोड चालते." ते अगदीच खोटं नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) मध्ये रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला जागा ठेवलेली आहे. पण ती रूढी जुनी, सलग चालत आलेली आणि त्या समाजात सर्वमान्य आहे, हे जो म्हणतो त्याने दाव्यात स्पष्ट मांडून पुराव्याने सिद्ध करावं लागतं. यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हेच सांगितलं. पाच पंचांच्या सह्या हा रूढीचा पुरावा होत नाही. अनुसूचित जमातींची गोष्ट मात्र वेगळी. केंद्राने अधिसूचना काढल्याशिवाय त्यांना हा कायदा लागतच नाही, त्यामुळे तिथे जमातीची रूढी पाहावी लागते. मुस्लिम कुटुंबांचा मार्गही निराळा आहे. आपल्याला कोणता कायदा लागतो, हे आधी विचारून घ्या.

याच कागदावर तिने दुसरं लग्न केलं असतं, तर ते कायद्याने शून्य ठरलं असतं. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा, आणि पहिलं लग्न नव्या जोडीदारापासून लपवलं असेल तर दहा वर्षांपर्यंत. अशा लग्नातून झालेली मुलं औरस धरली जातात, पण बाईला पत्नीचा दर्जा मिळत नाही. नव्या नवऱ्याचं काही बरंवाईट झालं की पेन्शन, नुकसानभरपाई, वारसाची नोंद या प्रत्येक ठिकाणी ते अडतं.

कागदातलं सगळ्यात घातक वाक्य मात्र भावाच्या लक्षातही आलं नव्हतं: 'राजीखुशीने विभक्त'. पोटगीच्या कायद्यात (पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४) नवरा-बायको परस्परसंमतीने वेगळे राहत असतील, तर बायकोला पोटगी मागता येत नाही. म्हणजे हा कागद घटस्फोट देत नाही, पण पोटगीच्या अर्जात नवऱ्याच्या वकिलाला आयता पुरावा देतो. कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेल्या संमतीच्या घटस्फोटाला ही अडचण नाही. त्यानंतरही दुसरं लग्न केलेलं नसेल आणि स्वतःचा निर्वाह करता येत नसेल, तर बाई पोटगी मागू शकते. लेकरांचा हक्क तर आईने काहीही लिहून दिलं तरी बुडत नाही.

त्यामुळे आधी पोटगी आणि मग घटस्फोट, असा क्रम ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. अर्ज जितका लांबतो तितके महिने हातचे जातात.

अर्ज ती राहते तिथल्या, म्हणजे माहेरच्या तालुक्यातल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येतो. सासरच्या तालुक्याला खेपा घालायची गरज नाही. वकिलासाठी कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला हेलपाटे मारू नका. पोटगी, घटस्फोट अशा प्रकरणांत महाराष्ट्रात महिलांना कोर्ट फीही माफ आहे. 'कोर्टात जायचं तर पैसा लागतो' या समजुतीवरच पंचांचं दुकान चालतं. तालुक्याला ओळख नसेल तर १५१०० या विधी सेवेच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

अर्जात फारकतनाम्याचा उल्लेख आपणच आधी केला. लपवला असता तर दुसऱ्या बाजूने काढलाच असता. सही कुठे झाली, कोण कोण बसलं होतं, आधी वाचून दाखवलं का, ५१ पैकी किती मिळाले, आणि नवऱ्याने तेव्हाच दुसरी बाई घरात आणली होती, हे सगळं तारखांसकट लिहिलं. शेवटचा मुद्दा वजनदार आहे. नवऱ्याने दुसरं लग्न केलं किंवा दुसरी बाई ठेवली, तर बायकोला वेगळं राहायला ते सबळ कारण मानलं जातं.

मग मिळकतीचं शपथपत्र. रजनेश निकालाने शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना दिला आहे. त्यात जमीन किती, बागायत की जिरायत, पिकं कोणती, गाई-म्हशी-शेळ्या किती, जमिनीवर कर्ज किती, असं सारं विचारलेलं असतं. पण बऱ्याचदा पगारदाराचा नमुनाच भरून दिला जातो, 'वेतन: निरंक' असं लिहिलं जातं आणि नवरा कागदोपत्री कंगाल ठरतो. या ताईने सातबारा, आठ-अ आणि फेरफार ऑनलाइन काढून आणले. त्या फेरफारात दिसलं की फारकतीच्या पंधरा दिवस आधी नवऱ्याने आपल्या हिश्श्याचं हक्कसोडपत्र भावाच्या नावे केलं होतं. नवऱ्याच्या हयातीत त्याच्या जमिनीत बायकोचा हिस्सा नसतो, त्यामुळे ते रद्द होईल अशी आशा आम्ही दाखवली नाही. पण पोटगीची रक्कम ठरवताना ही तारीख कोर्टासमोर असणं फार कामाचं ठरतं.

उचलीचं काय? ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि उचल जोडीच्या नावावर. पण वेगळं झाल्यावर मुकादम बाईच्या माहेरी येऊन बसतो. उचलीच्या चिठ्ठीवर सही किंवा अंगठा कोणाचा आहे, हे आधी पाहा. फेडीच्या नावाखाली जबरदस्तीने कामावर नेता येत नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने त्याला बंदी आहे. आणि उचल हा मुकादमाचा व्यवहार आहे, लेकरांच्या पोटगीतून तो वळता होत नाही.

अशा प्रकरणांत सगळ्यात जास्त मार बसतो तो हंगामाचा. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, नवरा गावात नसतो. समन्स गावच्या पत्त्यावर जातं आणि 'घर बंद' असा शेरा लागून परत येतं. म्हणून अर्जातच दोन पत्ते द्यावेत. एक गावचा, दुसरा कारखान्याचा: कारखान्याचं नाव, मुकादमाचं नाव, टोळी कुठे उतरली आहे ते, आणि नवऱ्याचा चालू मोबाइल नंबर. बाई स्वतः तोडीला जाणार असेल तर वकिलाला आधी सांगावं. न सांगता दोन-तीन तारखा चुकल्या की अर्ज गैरहजेरीत निकाली निघतो. प्रत्येक तारखेला स्वतः यावं लागत नाही. मध्यस्थी, साक्ष आणि संमतीच्या अर्जावरचे जबाब या तारखा मात्र सोडू नयेत.

नोटीस पोचल्यावर नवऱ्याकडूनच बोलणं आलं, आणि त्यात नवल नव्हतं. त्याचं दुसरं लग्नही याच कागदाच्या भरवशावर झालेलं होतं, म्हणजे कलम ८२ त्यालाही लागू होतं. त्याच्यापुढे ते मांडलं ते धमकी म्हणून नाही, वस्तुस्थिती म्हणून. तक्रारीची धमकी देऊन पैसे मागणं वेगळं, आणि तसा सल्ला कोणी देत असेल तर ऐकू नका.

मग संमतीने घटस्फोट, हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब. किमान एक वर्ष वेगळं राहणं झालेलं असावं लागतं. कौटुंबिक न्यायालय नसलेल्या भागात दोघांचा एकत्र अर्ज वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे जातो. तालुक्यात फक्त कनिष्ठ स्तराचं कोर्ट असेल, तर वरिष्ठ स्तराचं जिथे असेल तिथे जावं लागतं. लोकअदालतीत पोटगीची तडजोड होते, घटस्फोट मिळत नाही. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबून, अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा येऊन संमती सांगायची. अर्जाआधीच दीड वर्ष वेगळे राहिले असतील, मध्यस्थी फसली असेल आणि पोटगीचं आणि मुलांच्या ताब्याचं सगळं मिटलं असेल, तर हे सहा महिने माफ करण्याची विनंती करता येते. अमरदीप सिंग प्रकरणात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तशी वाट दिली. पण ते न्यायाधीशांच्या विवेकावर आहे, हक्क म्हणून मागता येत नाही.

इथेच पैसे बुडतात. दुसऱ्या तारखेपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. सगळी रक्कम आधीच दिली तर बाई येईल की नाही याची नवऱ्याला धास्ती. सगळी नंतर द्यायची ठरली तर तो गायब होईल याची तिला. म्हणून निम्मी रक्कम पहिल्या जबाबाच्या दिवशी आणि निम्मी दुसऱ्या जबाबाच्या दिवशी, डिमांड ड्राफ्टने, कोर्टासमोर. रोख नको. फारकतीत दिलेले तीस हजार 'मिळाले' म्हणून खरे लिहिले, एकावन्न नाही. मुलांची दरमहाची रक्कम एकरकमीत मिसळली नाही, वेगळी लिहून घेतली. मुलं आईकडे, बापाने कधी भेटायचं तेही अर्जात. अंगावरचे दागिने आणि भांडी यांची यादीही तिथेच जोडली, कारण हुकूमनाम्यानंतर ती मागायला गेलं की कोणी ओळखत नाही.

नवरा शेवटपर्यंत आला नसता, तर क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून देणं अशा कारणांवर एकतर्फी दावा करावा लागला असता आणि तो लांबला असता. पोटगीचा अर्ज त्यात अडकत नाही, तो स्वतंत्र चालतो. दरमहाची रक्कम थकली तर वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा. जुनी थकबाकी या मार्गाने वसूल होत नाही. वॉरंट काढायचं तर पट्टा पडल्यावर, माणूस गावात असताना. भर हंगामात काढलं की ते नुसतं फिरून परत येतं.

भावाला स्थळाचं काय सांगायचं, ही शेवटची अडचण होती. "थांबा म्हणा, हुकूमनामा आल्यावर बोलू," एवढंच. हुकूमनामा लढून किंवा एकतर्फी मिळाला असेल तर अपिलाचे ९० दिवस जाऊ द्यावे लागतात, आणि अपील झालं तर त्याच्या निकालापर्यंत थांबावं लागतं. संमतीच्या हुकूमनाम्यातही वकिलाला विचारूनच तारीख धरा. हुकूमनाम्याची एकच नव्हे, तीन-चार प्रमाणित नकला एकदम मागून घ्या. रेशन कार्ड, आधार, मुलांची शाळा आणि नव्या विवाहनोंदणीसाठी ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), प्रत्येक जण ती मागतोच. पाचशेचा मुद्रांक मात्र फाडू नका, पोटगीच्या फाइलीत तो लागतो.