65 किलोचा मल्ल आणि आरशातले दंड

वय 19, कुस्ती 65 किलो गटात, आणि तरीही कॉलेजातली मुले ‘तू पैलवान वाटत नाहीस’ म्हणतात. म्हणून जिममधल्या ओळखीच्या माणसाने देऊ केलेले इंजेक्शन घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. घेऊ नये. परंतु एवढ्याने तुमच्या मनातली बोच जाणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले ते बॅन्टमवेट, म्हणजे 57 किलो गटात. अमन सेहरावतने 2024 साली पॅरिसमध्ये याच वजनात पदक घेतले आणि त्या कुस्तीआधी सुमारे दहा तासांत 4.6 किलो वजन उतरवले. आपल्या खेळात वजनकाटा निर्दय असतो. छाती-दंडावर केवळ दिसण्यासाठी चढवलेले मांस तुम्हाला वरच्या गटात ढकलते, आणि तिथे समोरचा मूळचाच थोराड असतो.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. तेविसाव्या वर्षी मीही आठ आठवडे स्टेरॉइडची इंजेक्शने घेतली. वजन सात किलोंनी वाढले, दम मात्र तिसऱ्या मिनिटाला संपू लागला. आणि एवढे करूनही दंड बारीक दिसतात या समजुतीने मी उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालत होतो. या अवस्थेला मसल डिसमॉर्फिया म्हणतात, हे पुष्कळ नंतर कळले. अमेरिकेतील हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी 1993 साली शरीरसौष्ठवपटूंमध्ये ती नोंदवली, तेव्हा तिला ‘उलटा अ‍ॅनोरेक्सिया’ म्हटले होते : अंग भरलेले असूनही माणसाला आपण किडकिडीत आहोत असेच वाटत राहते.

आमच्या तालमीत आरसा नव्हता, मारुतीची तसबीर होती. तिथले मर्दपण फार सुसंस्कृत होते असा दावा मी करणार नाही; ‘दुखतंय’ म्हणणाऱ्याला तिथेही बायकी ठरवत. तरी तिथला कस हौद्यात लागत असे आणि हरलो तरी निकाल कळत असे. आरसा निकालच देत नाही.

आता त्या बाटलीविषयी. ते स्टेरॉइड असेल, तर बाहेरून हार्मोन मिळताच शरीर स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बनवणे थांबवते. वृषणे आक्रसतात, शुक्राणू घटतात, कधी छातीत गाठी येतात. पुरुषी दिसण्यासाठी हीच किंमत मोजायची, हे मला आज अतिशय विचित्र वाटते. ते मेफेन्टरमिन असेल, तर त्याने स्नायू वाढतच नाहीत. भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब सावरण्याचे ते औषध आहे, थकवा जाणवू देत नाही आणि हृदयावर ताण आणते. डोपिंग चाचणीत दोन्ही निषिद्ध आहेत.

एखादी मात्रा आधीच घेतली असेल, तर बाटली फेकू नका. ती घेऊन डॉक्टरांकडे जा आणि काय, किती, केव्हा घेतले ते खरे सांगा. वस्तादांनाही सांगा. ते दोन दिवस बोलणार नाहीत, माझे वस्ताद आठवडाभर बोलले नव्हते.